लाईट, स्त्रीलिंगी

लग्न होऊन वडगावात आले, त्याच आठवड्यात
एका संध्याकाळी आठही माग एकदम थांबले
आणि कानात नुसतं घूं राहिलं.
मी म्हटलं, लाईट गेली.
सासूबाई म्हणाल्या, करंट गेला.
उभ्या होतो दोघी एकाच काळोखात.

इचलकरंजीला आमच्याकडं ती जायची.
इथं तो जातो.
माग तसेच, धोटा तसाच,
केसांत अडकणारा सुताचा भुसाही तसाच.
जाणारं माणूस तेवढं बदललं.
आई फोनवर विचारायची, लाईट असते का गं तिकडं?
मी म्हणायचे, असतो.

हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता.
तो घरातच होता, स्विचबोर्डाशेजारी,
कॅलेंडर टांगलेलं असतं तसा.
लाईटबिल भरलं का.
लाईटच्या खांबापाशी थांब.
लाईटवाला आलाय, कुत्रं धरा.
पुस्तकात प्रकाश होता. तोही चांगलाच होता,
पण तो कधी जायचा नाही
आणि त्याचं बिल यायचं नाही.

इथलं बिल वरपासून खालपर्यंत कानडी.
आकडे तेवढे ओळखीचे,
आणि आकडा वाचला की बाकीचं कळतंच.

खडेबाजारातले रेवणकरशेठ
साडीचा पदर चिमटीत धरून म्हणतात,
रंग अजून लाईट पाहिजे, गडद चालत नाही आता.
मग मजुरीतले साडेचारशे कापून
त्याच तोंडानं म्हणतात, वैनी, लाईट घ्या हो.
घेतलं.
घरापर्यंत ते चांगलंच जड लागलं.

शेजारची गंगव्वा मला ट्यूबलाईट म्हणते.
कट्ट्यावर बायका कानडीत हसून मोकळ्या होतात,
बोलणं माझ्यापर्यंत लुकलुकत येतं,
स्टार्टर दोनदा टिकटिकतो,
आणि मी लख्ख हसते तोवर
विषय तूरडाळीच्या भावावर गेलेला असतो.
सहा वर्षांत हे अंतर कमी झालंय.
परवा तर मी तिच्याआधी हसले.
विनोद तिच्याच नवऱ्यावर होता.

मग सासूबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला.
सुई ओवायला माझ्या पोराला हाक मारू लागल्या,
मांजराला उशी समजून थोपटलं एकदा.
दवाखान्यात डॉक्टरीणबाई वाकल्या,
बारकी बॅटरी डोळ्यासमोर धरली:
लैट काणस्तदेन, अज्जी?
सहा वर्षांत हा शब्द
त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नव्हता.
त्या जरा वेळ गप्प.
मग मान माझ्या आवाजाच्या बाजूला वळवून
मराठीत म्हणाल्या,
दिसूलीय की गं. तुझी ती.

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही.
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी बांधून
त्या मागघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या,
आतल्या आवाजावरून
कुठल्या मागाची तार तुटली ते सांगत.
सातच्या सुमाराला सगळं थांबलं.
गंगव्वा भिंतीपलीकडून ओरडली,
करंट होत् नोडवा!
सासूबाईंनी विचारलं, गेली काय गं?
मी काडेपेटी शोधत होते, सवयीनं म्हटलं, गेला.
आणि दोघी थांबलो,
पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि सपाट जमीन लागावी, तशा.

बरोबर वीस मिनिटांनी आठही माग एकदम सुटले.
त्या खुर्चीतून काहीतरी म्हणाल्या,
आला की आली,
त्या खडखडाटात ऐकू आलं नाही.
मी तिसऱ्या मागावर तुटलेली तार जोडत होते.